शुद्ध चांदीचे पॉईंट

सानगडीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी पंचफुलाबाईंची धानाची गिरणी बंद पडली. मोटरीच्या स्विचमधले पॉईंट, म्हणजे वीज जोडणाऱ्या धातूच्या टिकल्या, जळून गेले होते. भंडाऱ्याचा दुकानदार म्हणाला, नवे नागपूरहून येतील, आठवडा तरी लागेल. आठवडा! नवं धान निघालेलं, दारात बैलबंड्यांची रांग. एकदा त्या एकोडीच्या गिरणीकडे वळल्या की परत यायच्या नाहीत, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

शेजारच्या तुलाराम सोनाराने जुना पॉईंट कसोटीवर घासला, मग तेजाबात टाकला. चांदी विरघळली, तळाशी उरला एक राखाडी, भोकाभोकांचा तुकडा, आकाराने हुबेहूब पॉईंटच.

"पाहा वहिनी, किती भेसळ! कंपनीवाले लुटून राहिले तुमाले. मी अस्सल चांदीचे करून देतो."

"चालन ना पण?"

"चांदीतून वीज सगळ्यात चांगली धावते. मॅट्रिक हाय मी!"

पंचफुलाबाईंनी तिथल्या तिथे डाव्या पायातली चांदीची तोरडी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली. तुलाराम ओट्यावर लग्नातल्या वरबापासारखा बसला. बंड्या एकेक करून रिकाम्या होऊ लागल्या.

दुपारी यंत्राच्या तोंडाशी कोंडा अडकला. बाईंनी स्विचची दांडी खाली ओढली. बंद केल्यावरही पट्टा थोडा वेळ घरघरतच राहायचा, म्हणून गिरणीवरचा डोमा आवाजाकडे लक्ष देत नसे. दांडी खाली दिसली की तो हात घाली. आजही त्याने बाही वर करून हात आत घातला. बाईंची नजर पट्ट्यावर गेली. तो मंदावतच नव्हता.

"डोमा! हात काढ रे!"

डोमा दचकून मागे सरला. बाईंनी धावत जाऊन मीटरजवळचे फ्यूज उपटले. पट्टा हळूहळू थांबला.

तुलारामने स्विच उघडला. ठिणगीने चांदी वितळून पॉईंट एकमेकांना घट्ट चिकटले होते. तो गुपचूप दुकानातून तो राखाडी तुकडा घेऊन आला, चिमट्यात धरून फुंकणीच्या जाळावर तापवला. तुकडा लालभडक झाला, पण वितळला नाही.

"टंगस्टन असन हे," तो हळूच म्हणाला. "बल्बातल्या तारेचं. यानंच चांदीले धरून ठेवलं होतं. मी भेसळ म्हनलं."

"आता समजलं काय मॅट्रिकले?" डोमा म्हणाला. हात अजून पाठीमागेच लपवलेला.

"वहिनी, दुसरी तोरडी द्या, जाड पॉईंट करतो..."

बाईंनी उजवा पाय मागे घेतला. मग त्या बाहेर गेल्या आणि उरलेल्या गाडीवानांना म्हणाल्या, "जा भाऊ, एकोडीले जा. गिरणी बंद हाय."

बंड्या वळल्या. शेवटची बंडी दिसेनाशी होईस्तोवर पंचफुलाबाई उभ्या होत्या. मग दार लावायला गेल्या. एकाच पायातली तोरडी वाजत होती.