दारावरचं स्तोत्र

भीमाकाकू काहीच घ्यायला तयार होईनात, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"अगं, शेजारची पोर सांभाळायची त्याचं काय घ्यायचं?" त्या म्हणाल्या. "माझी शिवांजली लग्न होऊन कँटोन्मेंटला गेली. आता मी आणि सुभेदारसाहेब दिवसभर एकमेकांची तोंडं बघतो. तीही काही बघण्यासारखी राहिली नाहीत."

दिल्लीच्या टोकाला, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत तेव्हा निम्मे फ्लॅट रिकामे होते. मेट्रोची नुसती चर्चा. पाणी टँकरने यायचं आणि वीज तिच्या मर्जीने. आमच्या मजल्यावर दोनच घरांत माणसं होती. एक आम्ही आणि समोर साताऱ्याचे हे निवृत्त सुभेदार. माझा नवरा अंशुमन खूश. "यार निधी, लोकांना इथे बाई मिळत नाही, तुला अख्खी काकू मिळाली. चलो, सोमवारी जॉइन हो."

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या माझ्या ऑफिसने सोमवारपर्यंतच जागा धरून ठेवली होती. त्याआधी अनुष्काला थोडी सवय व्हावी म्हणून मी तिला सकाळी काकूंकडे सोडू लागले. सव्वा वर्षाची पोर. तिथे काय होतं ते तिला सांगता येणार नव्हतं. सगळी भीती त्याचीच.

पहिल्याच दिवशी तिच्या केसांना जळक्या मिरचीचा वास. काकूंनी दृष्ट काढली होती. आमच्या ख्रिस्ती घरात असलं चालत नाही, पण मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी ती इतकी गाढ झोपलेली की उचलून आणलं तरी डोळे उघडेना. माझ्या डोक्यात एकच शब्द आला. अफू. पूर्वी आया पोरांना चाटवायच्या, असं आई सांगायची.

"अच्छा, म्हणजे सुभेदारांची बायको अफू ठेवते," अंशुमन हसला. "तू ना, सीआयडीत जा. तिथे लगेच घेतील."

आमच्या चौकटीवर आईने दिलेली लाकडी पाटी होती. नगरला आमच्याकडे घरोघरी असते तशीच. एकशे एकविसाव्या स्तोत्रातली शेवटची ओळ, तुझ्या जाण्यायेण्यावर देव लक्ष ठेवील अशा अर्थाची. बाहेर पडताना पाटीला बोट लावून मी अख्खं स्तोत्र म्हणायचे. मग वरचं कुलूप, मग खालचं, मग दोन्ही ओढून बघायचे. मध्येच कुणी बोललं तर स्तोत्र परत पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी अनुष्काला सोडलं, बसला जाते म्हणून सांगितलं, कोपऱ्यावरच्या दूध-बूथपाशी थोडा वेळ काढला आणि गुपचूप जिना चढून परत आले.

काकूंच्या दाराला बाहेरून कुलूप.

धावत खाली गेटवर आले. चौकीदार म्हणाला, "आंटी तो बच्ची को लेके निकल गईं। ऑटो में।"

"किधर?"

"बताया नहीं, मैडम।"

सुभेदारसाहेब गावी गेलेले. शिवांजलीचं क्वार्टर कँटोन्मेंटमध्ये, एवढंच माहीत. पत्ता नाही, फोन नाही. पीसीओवरून अंशुमनला नोएडाला फोन लावला. तो या वेळी हसला नाही. "मी निघालो. मी पोचेपर्यंत आल्या नाहीत तर पोलिसांत जाऊ. गेटवरून हलू नकोस."

मी गेटवर उभी राहिले. मे महिन्याचं ऊन. सवयीने स्तोत्र सुरू केलं आणि पहिल्याच प्रश्नाशी अडकले. डोंगरांकडे बघून माणूस विचारतो, मला मदत कुठून येणार? द्वारकेत डोंगर कुठले? समोर अर्धवट बांधलेले टॉवर, त्यांतून बाहेर आलेल्या सळया. हाताशी पाटी नव्हती, ओढून बघायला कुलूप नव्हतं. हे शब्द पहिल्यांदा ज्याने उच्चारले तोही असाच घाबरलेला असणार, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणताना माझं सगळं लक्ष कुलपाकडे.

मग पुढची ओळ आली. राखणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही. अनुष्का जन्मल्यापासून मी असं वागत होते, जणू ती ओळ माझ्याबद्दलच लिहिलीय. आता पोर माझ्या नजरेत नव्हती. ज्याच्या नजरेत असेल, त्यालाच म्हटलं, तू बघ. भीती गेली नव्हती. पण मी चौकीदाराच्या स्टुलावर बसले.

अंशुमनच्या आधी ऑटो आली. काकूंच्या खांद्यावर झोपलेली अनुष्का. मी तिला जवळजवळ हिसकावून घेतलं आणि आधी तिचं तोंड हुंगलं.

"हुंग, हुंग," काकू म्हणाल्या. "आमरसाचा वास येईल. तू गेलीस आणि पाठोपाठ लाइट गेली. पोर उकाड्याने रडून लाल झाली. शिवांजलीच्या क्वार्टरला लाइट असते, कूलर आहे. नेली."

"न सांगता?"

"कुणाला सांगू? तू बसमध्ये." मग त्यांनी माझे चपलांतले धुळीने माखलेले पाय बघितले. "बसमध्ये नव्हतीस होय? पाळत ठेवलीस माझ्यावर."

"ठेव बाई. मीसुद्धा माझी पोर कुणाकडे दिली नसती. पण ते दारावरचं मी वाचलंय हं. देव राखतो म्हणे, आणि खाली दोन-दोन कुलपं!"

मला रागही आला आणि हसूही. "काकू, चौकीदाराला निरोप ठेवल्याशिवाय तिला कुठेही न्यायचं नाही. शिवांजलीचा पत्ता मला आजच हवा. आणि दृष्ट काढायची नाही."

"ती का नाही?"

"आमच्यात नसतं."

"बरं. मग तुमच्यात असतं ते शिकव. रडली की काहीतरी म्हणावं लागतं ना? नुसतं थोपटून ती ऐकत नाही. दोन तास थोपटलं तेव्हा कुठे काल झोपली."

रविवारी दुपारी त्यांनी स्तोत्राच्या पहिल्या दोन ओळी पाठ केल्या, जात्यावरच्या ओवीच्या चालीत. माझ्या आईला ती चाल मुळीच चालली नसती.

सोमवारी अनुष्काला त्यांच्या कडेवर दिलं. ती रडली. मी वळून बघितलं, दोनदा. ऑफिसवाल्यांच्या चार्टर्ड बसमध्ये खिडकीशी बसले, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि आता कँटोन्मेंट येईल, मग धौला कुआँ, असं मनाशी म्हणत होते.

"मैडम, उठिए," शेजारची बाई मला हलवत होती. "आपका स्टॉप तो पीछे छूट गया।"