नाना कुठे निघाले होते

लाभपंचमीच्या आदल्या दिवशी नानांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. शिलाई मशीनचं आधीच झालं होतं. उभा जन्म सुरतेत कापडाचे माग दुरुस्त करण्यात गेलेला माणूस, दसऱ्याला काम सोडून घरी बसला, तर दुसरं काय करणार?

"आते मन्हा गुडघासमा बी घाला," माय म्हणाली.

नाना हसले आणि तेलाची बुधली घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. मी शिकवते त्या शाळेला दिवाळीची सुटी होती, मी वाचत होते.

"चंचल, शेठनी परत बलायेल शे. काय करू? तुले काय वाटस?"

दिवाळीत थांबलेले माग लाभपंचमीला पुन्हा सुरू होतात. त्या सकाळी शेठच्या हातून जो पेढ्यांचा पुडा घेतो, तो वर्षभर त्या कारखान्याचा. म्हणजे जे काही ठरवायचं ते त्यांना उद्यापर्यंत ठरवायचं होतं.

मला काय वाटत होतं ते मलाच नीट कळत नव्हतं. एका डोळ्यानं त्यांना जेमतेम दिसत होतं. कारखान्यातला उकाडा मला माहीत होता. पण घरात बसून त्यांचा चेहरा महिन्याभरात उतरला होता, तेही दिसत होतं. शिवाय दसऱ्यापासून ते रोज संध्याकाळी मला न्यायला शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहत. "मॅडमना अजून वडील न्यायला येतात वाटतं," असं एक शिक्षिका म्हणाली, तेव्हा मला लाज वाटली होती. मग एकदा ते आले नाहीत, तर मी फाटकाशी उगाच थांबून राहिले. यातलं त्यांच्या भल्याचं कोणतं आणि माझ्या सोयीचं कोणतं, हे मला वेगळं करता येईना.

"तुम्हाला बरं वाटेल तसं करा," मी म्हणाले आणि पान उलटलं.

"हां," म्हणाले. मग बुधलीचं झाकण लावून उठले.

लाभपंचमीच्या सकाळी आम्हाला बातमी आली ती पर्वत पाटियाच्या चौकातून. रिक्षांच्या रांगेशी नाना कोसळले होते. एका रिक्षावाल्यानं दवाखान्यात नेलं, पण तोवर सगळं संपलं होतं. अंगात दिवाळीचा नवा सदरा होता. हातात भाजीची पिशवी होती. त्या चौकातून एक रस्ता कारखान्याकडे जातो, दुसरा भाजीबाजाराकडे.

तिसऱ्या दिवशी शेठ आले. खुर्ची दिली तरी सतरंजीवर बसले.

"सुकलालभाईने ज़बान दी थी, आऊँगा," ते म्हणाले. "मैंने तो उनके लिए पंखे के नीचे कुर्सी रखवाई थी."

ते गेल्यावर माय म्हणाली, "माले त बोलनात, मी जावाव नही."

"मला म्हणाले, होळीनंतर बघू," माझा भाऊ योगराज म्हणाला.

ज्याला जे ऐकायचं होतं ते नाना त्याला सांगून गेले होते. मी इतकी पुस्तकं वाचली, त्यांतली माणसं जाण्याआधी काहीतरी ठरवून जातात. इथे सदरा एक सांगत होता आणि पिशवी दुसरंच. दोन्ही समोर ठेवून मी किती वेळा बघितलं.

"तुले काय बोलनात?" मायनं सतरंजी झटकता झटकता विचारलं.

"काही नाही. मला फक्त विचारलं."

"मंग तू काय सांगं?"

मी सांगितलं. तिनं सतरंजीची घडी घातली, ती परत उलगडली, परत घातली. रागावली असती तर बरं झालं असतं. योगराज पाणी आणायला उठला.

"नका जाऊ, नाना," मी मोठ्यानं म्हणाले. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. "तुमच्या डोळ्यासाठी नाही. मला तुम्ही घरी हवे आहात, म्हणून नका जाऊ."