टाकीतली पुरचुंडी

मी आणि माझे सासरे एकमेकांशी बोलत नव्हतो. भांडण नव्हतं, रीत होती. केळीवाल्यांच्या या घरात सून सासऱ्यासमोर आली की डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. जे सांगायचं ते सासूमार्फत. मी समोर बसून भाकरी थापत असले तरी आप्पा सासूला विचारायचे, "मोहितची माय, भाकर झाली का?" सासू मान वळवून मला विचारायची, "रंजिता, भाकर झाली का?" मी तिला सांगायची, ती त्यांना सांगायची. ती घरात नसली तर आप्पा ओट्यावरच्या खांबाला विचारायचे आणि मी दाराच्या चौकटीला उत्तर द्यायची. बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर दोघांच्याही डोक्यावर परिणाम झालाय असं म्हटलं असतं.

मी नेपानगरची. माझे वडील कागद कारखान्यात होते, मूळचे अकोल्याचे. कॉलनीत मी चौकीदारापासून साहेबांच्या बायकोपर्यंत सगळ्यांशी मोकळेपणाने बोलत वाढले. लग्न होऊन बुऱ्हाणपूरच्या बाहेर, केळीच्या बागेतल्या या घरात आले आणि गप्प बसायला शिकले. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडून भावाकडे अकोल्याला गेले, तेव्हा जाताना त्यांनी त्यांची माशांची टाकी मला दिली. चार फूट लांब काच, आत खरी झाडं, गोगलगाई, आणि एंजल माशांची एक जोडी. ती जोडी त्यांनी नखाएवढी असताना आणली होती. आमच्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कोणी राहतं. माझं माहेर म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या टाकीत पोहत होतं.

आणि त्या टाकीला शेवाळ लागलं.

काचेवरचं हिरवं शेवाळ मला कळतं, स्पंज फिरवला की जातं. हे काळं होतं. पानांच्या कडांना दाढीसारखं फुटायचं, आणि ओढलं तर पान हातात यायचं पण शेवाळ सुटायचं नाही. मी दिवा कमी केला. खिडकीला जाड पडदा लावला. टाकीवर चादर टाकून आतमध्ये दिवसचे दिवस अंधार ठेवला. जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मेडिकलमधून आणून इंजेक्शनच्या सिरिंजने पानापानावर सोडलं. जुन्या टूथब्रशने दगड घासले. थोडे दिवस बरं दिसायचं आणि पुन्हा दाढी यायची. माय, म्हणजे माझी सासू, म्हणायची, "तुझ्या झाडायले न्हाव्याकडे घेऊन जाय."

बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागात निरंजनचं माशांचं दुकान आहे. त्याने फोटो पाहिले आणि म्हणाला, "भाभी, खाणं जास्त पडतंय. उरलेलं खाणं सडतं आणि शेवाळ त्याच्यावरच माजतं."

"मी चिमूटभर टाकते. तेही एकदाच."

"मग दुसरं कोणी टाकत असेल."

मला असा संताप आला. आमच्या घरात त्या टाकीला हात लावणारं दुसरं होतं कोण? माझा नवरा मोहित केळीच्या गाड्यांत गुंतलेला, मायला पाण्यातल्या किड्यांची किळस. आप्पा संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची टाकून पेपर धरायचे, पण पानं उलटायचे नाहीत. मी ब्रश घेऊन घाम गाळत असताना ते पेपरच्या वरून पाहत असायचे. बोलले कधी नाहीत. बोलणार तरी कोणाशी?

त्या दिवशी माय देडतलाईला तिच्या भावाकडे साखरपुड्याला गेली होती. मोहित लिलावाला. मी बाजार करून दुपारी परत आले, पिशवी खाली ठेवली, आणि दारातच थबकले.

टाकीतल्या गोगलगाई काचेवर नव्हत्या. एकही नाही. सगळ्या तळाच्या वाळूवर पडलेल्या, तोंडं मिटून. दोन्ही एंजल पाण्याच्या वरच्या थरात, तोंड बाहेर काढून श्वास ओढत होते. मादी एका कुशीवर कलली होती. आणि कोपऱ्यात, फिल्टरच्या धारेखाली, सुतळीला बांधलेली धोतराच्या फडक्याची एक पुरचुंडी हलत होती. तिच्यातून निळा रंग खाली उतरत होता.

मोरचूद. लग्नाआधी तो मी फक्त शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिला होता. इथे तो घरोघरी असतो. शेततळ्यात शेवाळ माजलं की मोरचूद फडक्यात बांधायचा, दोरी लावायची आणि पाण्यातून फिरवायचा. शेवाळ मरतं. आमच्या शेततळ्यात कोणी मासे पाळत नाही, त्यामुळे पुढचा प्रश्न कोणाला पडत नाही.

पुरचुंडी ओढून मी मोरीत फेकली आणि बादली घेऊन मागे हौदाकडे पळाले. टाकीत मी कायम हौदाचंच पाणी भरते. ते बोरचं असतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना सोसत नाही. बादली भरली, घरात आणली, मासे त्यात सोडायला जाळी हातात घेतली, आणि हातावर नजर गेली. बोटांना निळी छटा होती. ती पुरचुंडीची असेल. पण मग मला हौदाचा काठ आठवला. तिथे एक ओला निळा ओघळ होता. मी तो पाहिला होता आणि घाईत पुढे गेले होते.

आप्पांनी हौदावर नुसते हात धुतले असतील, तर ही बादली म्हणजे जीवदान. पुरचुंडी हौदातही फिरवली असेल, तर मी माझ्याच हातांनी मासे एका विषातून काढून दुसऱ्या विषात टाकणार होते. घरात घागरी होत्या, त्यात नळाचं पाणी, क्लोरीनचा वास अजून येत होता. खरं काय ते एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस पुढे ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. दगडावर विळा घासल्याचा आवाज मला आतपर्यंत येत होता.

मी मायला फोन लावला. लागेना. मोहितला लावला. लिलावाच्या गोंगाटात त्याने उचलला.

"सुनो ना, आप्पांनी टाकीत मोरचूद टाकलाय. हौदात टाकलाय का ते विचारायचंय."

"तं विचार ना."

"मी?"

तो मग म्हणाला, "रुक, मी मायले फोन लावतो. ती आप्पाले विचारीन."

मी फोन कट केला. माझा नवरा इंजिनिअरिंग शिकलेला आहे.

दाराआड उभी राहिले. पदर डोक्यावर घेतला. चौकटीला म्हणाले, "टाकीत मोरचूद पडलाय. हौदात पडलाय का, काही कळत नाही."

दगडावरचा आवाज थांबला. आप्पा खांबाला म्हणाले, "शेवाळ मरून जाईन आता. फिकर नका करू म्हणा."

"मासे मरताहेत," मी चौकटीला सांगितलं.

"माशायले काय होते त्यानं? औषध हाये ते."

"मासे मरताहेत. पाणी कोणतं चांगलं, ते सांगायला पाहिजे कोणीतरी."

आप्पांनी रस्त्याकडे पाहिलं. अगदी खरं सांगते, त्यांनी देडतलाईच्या बाजूला रस्त्याकडे पाहिलं, जणू माय आत्ता फटफटीवरून उतरेल आणि आमच्या दोघांमध्ये उभी राहील. मी मागे वळून टाकीकडे पाहिलं. मादी आता तोंडसुद्धा वर काढत नव्हती. आणि मी एका लाकडाच्या चौकटीशी बोलत होते. मला माझीच शिसारी आली.

मी बाहेर आले. पदर खांद्यावर होता की कुठे, मला आठवत नाही. त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"आप्पा, किती टाकलं? हौदात टाकलं का? माझ्याकडे बघून सांगा."

त्यांनी खांबाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा दिसलं की त्यांचे डोळे मोहितसारखे घारे आहेत.

"हौदात पयले फिरवला," ते म्हणाले. "तू हौदाचंच पाणी टाकते ना त्यात. म्हटलं, तिथलंबी साफ व्हईन. मंग तिकडे लटकवला. मूठभर व्हता."

मूठभर. शेततळ्याचं माप. आत माझी बादली काठोकाठ भरून ठेवलेली होती.

"मग साफ पाणी कुठे आहे?"

आप्पा विळा टाकून उठले. "बोरचं. पाइपाखाली बादली धर, हौदात पडू देऊ नको. लाईट जायची वेळ झाली, मी मोटर लावतो." आणि गुडघ्यांनी जायबंदी झालेला तो माणूस केळीतून स्टार्टरच्या खोपटाकडे अक्षरशः पळत गेला. धोतराचा सोगा चिखलात लोळत होता.

बादलीतलं पाणी मी मोरीत ओतलं, घागरीतल्या पाण्याने ती विसळली, आणि पाइपाखाली उभी राहिले. पाइप कोरडा होता. मग आत खरखर झाली, हवा सुटली आणि पाण्याची जाड धार आली. पहिल्या बादलीत मी दोन्ही मासे सोडले. नर तळाशी गेला. मादी तरंगली, मग हळूच हलली. टाकीतलं पाणी नळी लावून सोडून दिलं. आप्पा परत आले ते सरळ बादल्या उचलायला लागले. ते आत, मी बाहेर, मी आत, ते बाहेर. दारात आमची टक्कर झाली आणि अर्धी बादली दोघांच्या अंगावर सांडली. कोणी थांबलं नाही.

एका फेरीत माझ्या तोंडून निघालंच. "विचारता नाही आलं का? एक शब्द विचारला असता मला!"

"कोणाकडून विचारू?" आप्पा धापा टाकत म्हणाले. "तुझी सासू तं देडतलाईले."

मी बादली उचलली.

टाकी अर्धी भरली आणि मोटरची लाईट गेली, घरातली होती. पाइपातली धार बारीक होत होत थांबली. तेवढ्या पाण्यात मी फिल्टर लावला, कपाटातला, विष शोषणाऱ्या कोळशाचा नवा बटवा त्यात घातला. मग नराला आत सोडलं. मादीला सोडायला बादलीत हात घातला तर ती माझ्या तळहातावर आडवी आली. कल्ले उघडत नव्हते. मी तिला पाण्यात पुढेमागे हलवलं, वडील हलवायचे तसं. काही झालं नाही. वडिलांना काय सांगू, एवढंच डोक्यात आलं आणि मी तिथेच फरशीवर बसून रडले, मोठ्याने, सासऱ्यासमोर.

आप्पा गेले नाहीत. खुर्चीवरही बसले नाहीत. भिंतीला टेकून माझ्यासारखेच खाली बसले, ओल्या धोतरात. नर टाकीच्या तळाशी पंख मिटून उभा होता आणि आम्ही दोघं त्याचे कल्ले हलताना पाहत होतो. ऊन खिडकीतून सरकून गेलं तरी ते हलत होते.

"अजून एक गोष्ट हाये," आप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले.

"मी रोज तापीवर जायचो. राजघाटाले. माशायले कणकेच्या गोळ्या टाकायले. माझा बाप टाकायचा, मी टाकायचो. मंग गुडघे गेले, घाटाच्या पायऱ्या उतरता येईना. तुझी टाकी आली, म्हटलं, देवानं मासे घरात धाडले." त्यांनी टाकीकडे बोट केलं. "तू उठायच्या आधी टाकतो. रोज."

"किती?"

त्यांनी ओंजळ केली आणि ती माझ्यापुढे धरली.

मी त्या ओंजळीकडे पाहत राहिले. मी चादरी टाकत होते, औषध सोडत होते, पानं घासत होते, आणि त्याच खोलीत रोज पहाटे ओंजळभर कणीक त्या पाण्यात पडत होती. मला राग आला. खूप आला. पण त्यांच्या नखांत अजून निळं होतं, म्हणून तो राग मला नीट धरता येईना.

"तेच खाऊन शेवाळ वाढत होतं, आप्पा."

"आँ?" ते म्हणाले. ओंजळ मोडून हात धोतराला पुसले. मग म्हणाले, "तू एवढी मरमर करत व्हती. मले वाटलं, आपण काही तरी मदत करावी."

मेलेली मादी त्यांनी माझ्या हातातून घेतली, आपल्या उपरण्यात गुंडाळली आणि बाहेर नेली. कुठे पुरली ते मी विचारलं नाही.

सकाळी पहिल्या गाडीने माय आली. नर टाकीच्या मध्यापर्यंत वर आला होता. माय स्वयंपाकघरात साखरपुड्याची हकीकत सांगत होती, तेवढ्यात आप्पा दारात येऊन उभे राहिले. हातात ताटली, ताटलीत कणकेचा गोळा.

"किती टाकू?" त्यांनी विचारलं.

मायने सवयीने निरोप पोचवायला माझ्याकडे मान वळवली आणि ती तशीच राहिली, कारण आप्पा तिच्याकडे पाहतच नव्हते.

"आज काहीच नको," मी म्हणाले. "उद्या एक गोळी. बाजरीच्या दाण्याएवढी."

"एकच?"

"आता मासाही एकच आहे, आप्पा."

त्यांनी ताटलीकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले, "एकच हाये," आणि ताटली माझ्या हातात दिली.