बॅटरीचा दम पाहणारा डबा

मित्रांनो, धसईच्या बाजारात कमळाकरांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. तिथल्या फळीवरचा मी एक जुना लोखंडी डबा आहे. मला बॅटरी जोडली की मी तिच्याकडून ठरवलेला प्रवाह ओढतो आणि त्याची उष्णता करून सोडून देतो. तेव्हा तिचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, किती टिकतो, त्यावरून तिचा खरा दम कळतो.

मी २००५ साली जन्मलो. तेव्हा लोडशेडिंग फार होते. बाळाच्या घशातला चिकटा ओढणारे आरोग्य उपकेंद्रातले यंत्र बॅटरीवर चाले आणि ऐन वेळी थांबे. नर्स देवकीताई दुकानात आल्या.

"मीटर तर बारा व्होल्ट दाखवतो, मग दगा का देते गो?"

कमळाकरांची मुलगी दर्शना इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. ती म्हणाली, "रिकामी बसलेली बॅटरी बारा दाखवेलच, ताई. काम करताना काय दाखवते ते बघाया पायजे."

तिने मला बनवायला घेतले. पहिल्या खेपेस माझा ट्रान्झिस्टर तापला, तसा प्रवाह वाढला, मग तो आणखी तापला आणि फट्‌कन जळाला! मला वाटले, आता मी भंगारात जाणार.

"बाबा, आपण किती ओढतोय, हे त्याला कळतच नाय," दर्शना म्हणाली. तिने प्रवाहाच्या वाटेत एक छोटा रोध, म्हणजे रेझिस्टर, बसवला. प्रवाह वाढला की रोधावरचा दाब वाढे. एक चिप तो दाब बटणाने ठरवलेल्या मापाशी सतत ताडून पाही. जास्त झाला की ट्रान्झिस्टरला आवरी, कमी झाला की सैल सोडी. कमळाकरांनी जुन्या अँप्लिफायरचे उष्णता बाहेर टाकणारे अॅल्युमिनियमचे पंख मला लावले. मग बटण फिरवावे तेवढाच प्रवाह वाहू लागला.

एका दुपारी दर्शना मला उपकेंद्रात घेऊन गेली. तिथे दोन बॅटऱ्या होत्या. नवी चकचकीत बॅटरी माझ्यापुढे बघता बघता नऊ व्होल्टवर आली. दुसरी मात्र बारावरून हलली नाही. दर्शना तिला माझ्यापासून सोडवतेय तोच गावातली बाईजा आपल्या सुनेला, चिमीला, घेऊन आली. कळा जोरात होत्या आणि वीज गेलेली.

सवयीने देवकीताईंचा हात चकचकीत बॅटरीकडे गेला.

"ती नको, ताई! ही घ्या!" दर्शना ओरडली.

बाळ आले, पण रडेना.

"पोर रडत का नाय गो?" बाईजा पुढे झाली.

देवकीताईंनी यंत्राची नळी बाळाच्या घशात घातली. यंत्र घरघरत राहिले, जराही मंदावले नाही. आणि एकदम बाळाने टाहो फोडला! बाईजा रडता रडता हसू लागली. मित्रांनो, माझे पंख गार होत होते, आणि इतके हलके मला पुन्हा कधी वाटले नाही.

आता माझ्यावर धूळ असते. तिचे मला फारसे दुःख नाही. एकच मागणे आहे. संकटात लागणाऱ्या वस्तू नुसत्या कपाटात ठेवू नका. अधूनमधून त्यांना कामाला लावून पाहा.