ठाकूरद्वारचं काम

झाडून झालेल्या फरशीवर पुन्हा चुन्याची भुकटी पडली, तेव्हा कौसल्यानं वर पाहिलं नाही. केरसुणी उचलली आणि तेवढीच जागा परत झाडली. सोमवारपासून हा तिसरा दिवस. पलंग आणि कपाट यांच्या मधल्या हातभर पट्ट्यातच ही भुकटी पडायची, आणि त्या पट्ट्याच्या बरोबर वर पोटमाळ्याच्या दोन फळ्या जुळत होत्या. उंदराच्या चालण्यानं एवढी भुकटी पडत नाही. शिवाय उंदराला खोकला दाबावा लागत नाही.

वर कोण आहे हे तिला विचारायची गरज नव्हती. या घरात माणसं पाच. मृणालिनीवहिनी, त्यांचे यजमान शरच्चंद्र, दोन लहान मुलं आणि शरच्चंद्रांचा धाकटा भाऊ वसंत. वसंत नाशिकला मावशीकडे गेलाय, असं वहिनींनी सोमवारी आपण होऊन सांगितलं होतं. न विचारता सांगितलेली गोष्ट कौसल्या सहसा खरी धरत नसे.

जानेवारी संपत आला होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं रेडिओवर जाहीर झालं आणि गिरगावापासून लालबाग-परळपर्यंत माणसं रस्त्यावर आली. गोळीबार झाले. डिलाईल रोडला कौसल्या सहा गड्यांची खाणावळ चालवायची. त्या सहातला बुधाजी लालबागला गेला तो परत आला नाही. त्यानंतर चार दिवसांनी वसंत तिच्या चाळीचा पत्ता काढत आला होता. तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. गोळीबारात गेलेल्यांची नावं तो दारोदार फिरून लिहून घेत होता. बुधाजीचं नाव, वय, गाव तिनंच सांगितलं. पुढं ती सगळी नावं एका पत्रकावर छापून आली आणि छापखान्याला पोलिसांचं कुलूप लागलं.

ठाकूरद्वारचं काम तिनं वर्षापूर्वी धरलं होतं. पोरगी कांता सातवीपर्यंत आली होती, तिला पुढं हायस्कुलात घालायचं होतं, आणि खाणावळीतून दोन वेळची चूल जेमतेम निघत होती. पहाटे गड्यांचे डबे रवाना करायचे, आठ वाजता बाहेर पडायचं, एकाच वाडीतली तीन घरं झाडून-पुसून दुपारी परत. पहिल्या दिवशी वहिनींनी जात विचारली. तिनं सरळ सांगितली. वहिनी क्षणभर घुटमळल्या आणि म्हणाल्या, स्वयंपाकघर मी करीन, बाकीचं तुझं. कौसल्यानं ते ऐकून घेतलं. पण नवऱ्यानं, राजारामनं, तिला एका गोष्टीचं वचन द्यायला लावलं होतं. झाडलोट कर, भांडी घास, कष्टाला लाज नाही. पण कुणाचा मैला उचलायचा नाही. आपल्या माणसांनी ते सोडलंय, ते पुन्हा आपल्या घरात येता कामा नये.

त्या बुधवारी मोरी घासून झाल्यावर वहिनींनी बाहेरचं दार लोटून घेतलं. तुला कळलंच आहे, असं म्हणाल्या. कौसल्यानं मान हलवली. मग वहिनींनी कोपऱ्यातल्या झाकण घातलेल्या बादलीकडे नुसतं पाहिलं. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याचे मिळून. वरचा माणूस तिथं जाऊ शकत नव्हता. ही बादली रोज कुणीतरी न्यायला हवी, आणि कामवालीच्या हातात बादली दिसली तर कुणाला काही वाटणार नाही, असं त्यांचं म्हणणं. महिन्याला काही जास्तीचं देऊ, असंही त्या खालच्या आवाजात बोलल्या.

कौसल्याला राग आला नाही. हे कधीतरी येणार, हे पहिल्या दिवसापासून माहीत असल्यासारखं तिला वाटलं.

"ते मी नाय करणार, वैनी," ती म्हणाली. "वर कोण हाय ते माझ्या तोंडून बाहेर जाणार नाय. पण बादली मी उचलणार नाय."

"घरावर एवढी वेळ आलीय आणि तू—"

"भाऊ हाय ना त्यांचा? भावानं उचलावी."

वहिनींचा चेहरा लाल झाला. वर फळी करकरली आणि पोटमाळ्यातून दबका आवाज आला, "वहिनी, बरोबर बोलताहेत त्या."

दुसऱ्या दिवसापासून बादली शरच्चंद्र नेऊ लागले. मजला जागा व्हायच्या आत, डोक्याला मफलर गुंडाळून. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. इस्त्रीचा कोट, खिशाला फाउंटन पेन, वाडीत शब्दाला मान. कौसल्या आली की ते तिच्याकडे पाहीनासे झाले. आधीही फारसे पाहत नसत, पण आता न पाहण्याला धार आली होती. कचेरीत साहेबानं त्यांना दोनदा आत बोलावलं, धाकट्याची चौकशी केली, असं वहिनी शेजारणीला सांगताना तिच्या कानावर आलं. घरात मुलं मोठ्यानं हसली तरी वहिनी त्यांना दटावत. दारावर थाप पडली की आधी सगळे माळ्याकडे बघत आणि मग दाराकडे.

त्याच सुमाराला वाडीच्या तोंडाशी एक ठेंगणा माणूस दिसू लागला. अंगात बंद गळ्याचा कोट, खाली पायजमा आणि पायात जाड तळाचे तपकिरी बूट. कौसल्यानं त्याला शुक्रवारी पाहिलं, शनिवारी पाहिलं आणि सोमवारी त्यानं तिलाच थांबवलं. किती घरं करतेस, दुसऱ्या मजल्यावर कोण कोण असतं, हल्ली कुणी पाहुणा आलाय का, असं गोडीगोडीत विचारू लागला.

"मी फरशी बघते, साहेब," ती म्हणाली. "माणसं बघायला मला कुठं येळ हाय?"

तो हसला. तुझा नवरा कुठल्या गिरणीत आहे तेही आम्हाला माहीत आहे, एवढं म्हणून त्यानं वाट सोडली. तिनं वर कुणाला हे सांगितलं नाही, फक्त त्या दिवशी फरशी दोनदा पुसली.

गुरुवारी बस लवकर मिळाली म्हणून ती नेहमीपेक्षा आधी पोचली. कोपऱ्यावरच्या इराण्याच्या आतल्या टेबलाशी तिला तो तपकिरी बूटवाला दिसला. समोर शरच्चंद्र बसले होते. दोघांच्याही चहावर साय धरली होती. बूटवाला बोलत होता आणि शरच्चंद्र बोटानं टेबलावरच्या संगमरवरावर रेघ ओढत होते. मग त्यांनी मान हलवली, एकदाच. मान वर केली तेव्हा दारातून जाणारी कौसल्या त्यांना दिसली. दोघांची नजर भिडली आणि त्यांनी आपली काढून घेतली.

घरी आली तेव्हा वहिनी मुलांना न्हाऊ घालत होत्या. कौसल्या केरसुणी घेऊन सरळ पलंगापाशी गेली, खाली वाकली आणि झाडता झाडताच म्हणाली, "वसंतराव, आज हितं राहू नका. निघा."

मग फळीच्या फटीतून आवाज आला, "का, कौसल्याबाई? काय झालं?"

या घरात तिला बाई म्हणणारा आणि अहो-जाहो करणारा हा एकच माणूस होता. नाव तिच्या जिभेच्या टोकावर आलं. पण सख्ख्या भावाचं नाव, त्याच्याच घरात, त्याचीच फरशी झाडताना कसं घ्यावं हे तिला सुचेना.

"निघा म्हणते म्हणून निघा."

"दादा म्हणालाय शनिवारपर्यंत इथंच थांब. शनिवारी तो स्वतः मला पनवेलला पोचवणार आहे. काळजी करू नका."

ती आणखी काही बोलणार तेवढ्यात मागं पाण्याचा हात पदराला पुसत वहिनी उभ्या दिसल्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. कौसल्यानं केर सुपात भरला. राहिलेलं ते एक वाक्य तिला पुढं कितीतरी महिने छळणार होतं.

शुक्रवारी ती आली तेव्हा दार सताड उघडं होतं. पोटमाळ्याची शिडी आडवी पडलेली, वरच्या गाद्या, तांब्याची भांडी, गणपतीच्या मखराच्या पट्ट्या सगळ्या खोलीभर पसरलेल्या. पहाटे पोलीस आले होते. इकडे तिकडे न शोधता थेट माळ्याखाली उभे राहिले आणि त्याला नावानं हाक मारली. गॅलरीत शेजारी जमले होते. कौसल्या आत शिरली तशी त्यांची कुजबूज थांबली.

वहिनी रडून थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काल तू त्यांना निघा म्हणालीस. मी ऐकलं. तुला कसं ठाऊक होतं?"

कौसल्यानं शरच्चंद्रांकडे पाहिलं. ते आरशासमोर कोटाची बटणं लावत होते. वरचं बटण काही केल्या काजात जाईना.

"मृणाल, जाऊ दे," ते आरशातच बघत म्हणाले. "गरीब माणसं ही. कुणी चार पैसे दाखवले की भुलतात."

गॅलरीतून कुणीतरी हुंकार भरला. कौसल्या एक पाऊल पुढं झाली.

"साहेब, माझ्याकडं बघून बोला."

त्यांनी बटणाचा नाद सोडला, टोपी घेतली आणि तिच्या अंगावरून कचेरीला निघून गेले. ती खरं बोलू शकली असती. तिथंच, सगळ्या मजल्यासमोर. पण तिच्यासमोर वहिनी उभ्या होत्या, त्यांच्या पदराला धरून दोन पोरं उभी होती, आणि या बाईला उद्यापासून याच माणसाच्या ताटात वाढायचं होतं. नुसती दया होती असंही नाही. आपलं कोण खरं मानणार, हेही तिला ठाऊक होतं. तिनं दाराआडच्या खुंटीवरची आपली पिशवी काढली आणि जिना उतरली.

संध्याकाळपर्यंत वाडीतली उरलेली दोन्ही घरं गेली. फितूर बाई नको, एवढाच निरोप. राजारामला तिनं सगळं सांगितलं. तो ताडकन उठला, आत्ता जाऊन त्या माणसाला खाली ओढतो म्हणाला. तिनं त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि बस म्हणाली. गिरणीच्या गेटवरच्या सभेत कुणी त्याच्याकडे पाठ फिरवली, कुणी टोमणा मारला. तरी घरी येऊन त्यानं तिला दोष दिला नाही. जूनमध्ये कांताचं हायस्कुलात नाव घालायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी बघू, असं कौसल्या म्हणाली. कांतानं जुनी पुस्तकं गोधडीखाली ठेवून दिली आणि भाकऱ्या थापायला बसली.

वसंत आला तेव्हा दसरा आठवड्यावर होता. चाळीतली निम्मी माणसं दीक्षेसाठी नागपूरला जायच्या तयारीत होती, राजारामनं रजा टाकली होती आणि कौसल्या गॅलरीत बसून त्याच्या नव्या पांढऱ्या सदऱ्याला काजं करत होती. जिन्याच्या तोंडाशी उभ्या माणसाला तिनं आधी ओळखलं नाही. गालफडं बसलेली, डोक्यावरचे केस बारीक. तो तिच्याशेजारी जमिनीवरच बसला. कांतानं दिलेलं पाणी प्याला.

ती म्हणाली, "मी कुणाला सांगितलं नाय, वसंतराव."

त्यानं डोकं वळवून उजवा कान पुढं केला. कोठडीत डाव्या कानाखाली मारलं होतं, त्या बाजूनं आता ऐकू येत नाही, असं म्हणाला. तिला तेच वाक्य मोठ्यानं म्हणावं लागलं. नळावरच्या बायकांनी माना वळवून पाहिलं.

"ते मला माहीत आहे. सांगणार असतात तर बादलीच्या दिवशीच सांगितलं असतंत." मग तो सांगू लागला, की दादा दर पंधरवड्याला भेटायला यायचा. वकील त्यानंच दिला. भेटीत जाळीपलीकडे उभा राहून रडायचा, बोलणं व्हायचंच नाही. वहिनीनं लाडू पाठवले होते. काल सुटून घरी गेलो, तर दादानं सगळ्या वाडीला पेढे वाटले. "आठ महिने मी एकाच गोष्टीचा विचार केला, कौसल्याबाई. तुम्ही मला निघा म्हणालात, पण का ते सांगितलं नाहीत. परका कुणी असता, तर तुम्ही नाव घेतलं असतंत."

कौसल्यानं सुई कापडातून ओढली. दोरा संपला होता, तरी तिनं पुढचा टाका घातला. हो म्हणायचं तर त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणावं लागणार होतं, आणि नाही म्हणणं तिला जमणार नव्हतं.

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं खाली पाहिलं, रिकामा पेला दोन्ही हातांनी तिच्यापुढं सरकवला आणि उठला. येतो म्हणाला. कांता कितवीत आहे, असं त्यानं जाता जाता विचारलं. कांतानं पेला उचलून आत नेला.

गॅलरीतून समोरचा बसचा थांबा दिसायचा. तो रस्ता ओलांडून तिथं जाऊन उभा राहिला. गिरगावाकडं जाणारी बस आली, माणसं उतरली, चढली, बस निघून गेली. तो खांबापाशीच होता. थोड्या वेळानं दुसरी आली. कंडक्टरनं त्याच्याकडं बघून काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली आणि घंटी वाजली.

कांता कठड्याला रेलून बघत होती. "आई, त्यांना बसचा नंबर ठाऊक नाय काय?"

"ठाऊक हाय," कौसल्या म्हणाली.

तिसरी बस आली तेव्हा दिवे लागले होते. बस हलली आणि थांबा पुन्हा दिसू लागला, तर तो तिथंच, खांबाला एक हात लावून, गिरगावाकडं पाठ करून उभा होता.