स्वस्तात मिळालेला आवाज

घासाघीस करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी कपडे शिवते. कापड, बटणं, दोऱ्याची रिळं, सगळ्यांचा भाव मी पाडून घेते, आणि समोरच्याने कपाळाला हात लावला की मला मनापासून बरं वाटतं. त्यामुळे गिऱ्हाइकांना नमुने दाखवायला टॅब घ्यायचा ठरला, तेव्हा दुकानात जाऊन छापील किंमत मोजण्याचा प्रश्नच नव्हता. मोबाइलवर जुन्या वस्तू विकायचं एक पान आहे. कुणीही यावं, फोटो टाकावा आणि विकावं. तिथे मला तो दिसला. काच शाबूत, कोपरे शाबूत, आणि किंमत अशी की वाटावं, विकणारा एक शून्य लिहायला विसरलाय.

नवऱ्याने एकदाच विचारलं की एवढं स्वस्त का देतोय. तो बस चालवतो, त्यामुळे प्रत्येक वळणाच्या पलीकडे काहीतरी येतंय असं त्याला वाटतं. मी म्हटलं, असेल गरज.

विकणाऱ्याने घरी बोलावलं नाही, पेट्रोल पंपाच्या मागे बोलावलं. पूर्ण वेळ तो हेल्मेट घालूनच उभा होता. बिल नव्हतं, खोका नव्हता, चार्जर नव्हता. हे सगळं मला दिसत होतं, मी काही आंधळी नाही. पण मी त्याचा उपयोग भाव पाडायला केला. बिल नाही ना, मग कमी करा. चार्जर नाही ना, अजून कमी करा. त्याने मुकाट्याने कमी केले, आणि मला शंका यायची ती आलीच नाही, उलट मान ताठ झाली. जाताना तो म्हणाला की टॅब एकाच ॲपमध्ये अडकून बसतो, मोबाइलवाल्याकडून साफ करून घ्या, किरकोळ काम आहे.

दुकानात येऊन मी टॅब चालू केला. पडद्यावर रंगीत चौकोन आले, माझ्या बटणांच्या खणांसारखे ओळीने मांडलेले. प्रत्येकावर एक-दोन शब्द. पाणी. औषध. खिडकी. मुलगा. वैताग. वैतागाचा चौकोन कुणी कशाला करेल, असा विचार करत मी 'अनोळखी माणसं' यावर बोट ठेवलं.

"जरा हळू बोला," टॅबमधून एक बाई म्हणाली. "मी मुकी आहे, बहिरी नाही."

मी एकटीच खो खो हसले. पुन्हा दाबलं, पुन्हा हसले. तिसऱ्यांदा मात्र हसू आलं नाही. हा यंत्राचा आवाज नव्हता. बोलण्याआधी तिने श्वास घेतलेला ऐकू येत होता. मागे कुठेतरी कप बशीवर ठेवल्याचा आवाज होता. आवाज थोडा घोगरा, पण असा की कुठेतरी रोज ऐकल्यासारखा वाटावा. कुठे, ते मात्र आठवेना.

मशीन बंद करून मी एकेक चौकोन दाबत बसले. 'चहा' दाबला तर ती म्हणाली, "फिका झालाय, पण चालेल. नाही, नाही चालणार." 'मुलगा' दाबल्यावर, "जेवलास का? खोटं बोलू नकोस." 'डॉक्टर' दाबल्यावर, "काय दुखतंय ते मला विचारा, ह्याला नको." 'माफी' दाबल्यावर, "चुकलं माझं. तुझंही चुकलं." एका चौकोनावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तो दाबला तर ती नुसती हसली. मोठ्याने, आधी दाबून धरलेलं आणि मग फुटलेलं असं हसू.

हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बाईचा आवाज जाणार होता आणि ते तिला आधी कळलं होतं. मग ती हा टॅब घेऊन बसली आणि तिने विचार केला की इथून पुढे आयुष्यभर मला काय काय बोलावं लागेल. आणि ते सगळं, एकेक करून, आवाज होता तोवर बोलून ठेवलं. चहा पीत पीत. मी दिवसभर बडबड करणारी बाई. मला कुणी सांगितलं असतं की एवढ्या चौकोनांत तुझं सगळं बोलणं बसव, तर मी काय ठेवलं असतं? भाव कमी करा, एवढंच आठवलं.

आणि तरीही मी तो टॅब साफ करायला दिला. मनाला समजावलं की ती बाई गेली असेल, घरच्यांनी विकला असेल, माणसं काय काय विकतात. पैसे देऊन बसले होते आणि गिऱ्हाइकं नमुने मागत होती. फक्त नवऱ्याला हसवायला म्हणून तो 'अनोळखी माणसं'वाला आवाज माझ्या फोनमध्ये घेऊन ठेवला.

मोबाइल दुरुस्त करणारा कपाळावर भिंग चढवून बसतो आणि त्यातूनच जगाकडे बघतो. त्याने आधी बिल मागितलं. मी इकडेतिकडे बघायला लागले तसं त्याने ओळखलं. म्हणाला, "ताई, प्रत्येक यंत्राला आपला एक नंबर असतो. तक्रार झालेली असली आणि तुम्ही यात सिम घातलंत, तर पोलीस विकणाऱ्याकडे नाही जाणार. तुमच्याकडे येतील." मी विचारलं की साफ केल्यावर तो नंबर जाईल ना. तो म्हणाला की आतलं सगळं जाईल, नंबर जाणार नाही. पण त्याने टॅब ठेवून घेतला आणि संध्याकाळपर्यंत पुसून ठेवतो म्हणाला. मी ठेवून आले.

संध्याकाळी नवरा जेवायला बसला आणि मी मोठ्या हौसेने फोन लावून दिला. जरा हळू बोला, मी मुकी आहे, बहिरी नाही. तो हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

मी लावला. त्याने डोळे मिटून ऐकला.

"ह्या वरच्या बाई आहेत," तो म्हणाला, आणि ताटावरून उठला.

मग हात धुता धुता त्याने सांगितलं ते असं. बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीच्या वर एक काचेची खोली आहे. तिथून एक बाई गाड्या पुकारायच्या. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा सुटणार, कुणाचं मूल हरवलंय. चालकांनी त्यांचं तोंड कधी पाहिलं नाही, खालून काचेमागे एक सावली आणि एक कप दिसायचा. सगळे त्यांना वरच्या बाई म्हणायचे. नवऱ्याच्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, अख्ख्या स्टँडसमोर, त्या माइकवरून म्हणाल्या होत्या, चालकांनी गाडी नीट लावावी. तेव्हापासून तो तिरकी गाडी लावायचा आणि त्या त्याला सरळ करायच्या, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. एकदा वीज गेली, स्टँड अंधारात बुडाला आणि माणसं सैरावैरा व्हायला लागली, तेव्हा त्या खाली उतरून जिन्यात उभ्या राहिल्या आणि माइकशिवाय नुसत्या आवाजाने त्यांनी सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. मग एक दिवस तो आवाज बंद झाला आणि तिथे यंत्र बोलायला लागलं. चालकांना वाटलं, निवृत्त झाल्या.

मीही कितीतरी वेळा त्या स्टँडवर उभी राहिले होते. ओळखीचा वाटणारा आवाज तो होता.

"टॅब कुठे आहे?" त्याने विचारलं.

मी सांगितलं तेव्हा माझं मलाच ऐकवेना. त्याने स्कूटरची किल्ली उचलली. वाटेत मी मोबाइलवाल्याला फोन लावत राहिले आणि तो उचलत नव्हता. नवऱ्याच्या पाठीमागे बसून मी एवढंच मनात म्हणत होते की त्याला आज खूप काम असू दे, त्याचं डोकं दुखू दे, त्याच्या दुकानातली वीज जाऊ दे.

त्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आतून आवाज येत होता. "घाबरू नका," ती म्हणत होती. "मी इथेच आहे."

आम्ही वाकून आत गेलो. तो एकटाच स्टुलावर बसला होता, भिंग कपाळावर, आणि टॅब मांडीवर घेतलेला. टॅबला केबल लावलेली होती, पुसायचं बटण समोर होतं. मला बघून तो ओशाळला.

"म्हटलं, एक ऐकतो आणि मग पुसतो," तो म्हणाला. "मग म्हटलं, आणखी एक. हात होईना, ताई."

आम्ही तिघं तिथे उभ्या उभ्याच ऐकत राहिलो. नवऱ्याने सांगितलं की हा आवाज कुणाचा, तेव्हा मोबाइलवाल्याने भिंग काढून खाली ठेवलं. त्याने एका पेन ड्राइव्हवर सगळ्याची नक्कल काढून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि उद्या सकाळीच नेऊन द्या, एक दिवसही ठेवू नका, म्हणून बजावलं. आपलं नाव मात्र कुठे येऊ देऊ नका, असंही हळूच म्हणाला.

स्टँडवरच्या जुन्या साहेबांकडून नवऱ्याने सकाळीच वरच्या बाईंचा पत्ता आणला. घर पहिल्या मजल्यावर होतं. दार तिच्या मुलाने उघडलं, आणि माझ्या हातातला टॅब बघताच त्याचा चेहरा बदलला.

"किती पाहिजेत?" त्याने विचारलं.

आम्ही पैसे उकळायला आलोय असं त्याला वाटलं. वाटणारच. मी सांगायला गेले की विकत घेतलाय, तर तो आणखी भडकला. विकत घेणारे आहेत म्हणून तर चोरणारे आहेत, म्हणाला. आई दवाखान्याच्या बाकावर बसली होती, मांडीवरून हिसकावून नेला, तो सांगत होता, आणि त्याचा आवाज चढत चालला होता. आजूबाजूला एवढी माणसं होती, पण ती ओरडणार कशी? ओरडायला हा टॅबच तर होता. दुसरीकडे साठवून ठेवू, उद्या करू, असं म्हणता म्हणता राहूनच गेलं होतं. त्याने पोलिसांना लावायला फोन काढला. नवरा मान खाली घालून उभा होता आणि मी दाराच्या चौकटीला धरलं होतं.

त्याच्या मागून ती आली. गळ्याभोवती पातळ रुमाल, हातात मुलांची पाटी आणि खडू. इतकी लहानखुरी बाई. एवढ्याशा अंगातून तो आवाज अख्ख्या स्टँडवर कसा पसरत असेल, याचं मला तेव्हाही नवल वाटलं आणि आजही वाटतं. तिने पाटी मुलाच्या हातात दिली आणि माझ्याकडून टॅब घेतला. चालू केला. चौकोन सगळे जागच्या जागी आहेत ना ते वरपासून खालपर्यंत बघितलं. मुलगा ओरडतच होता. तिने त्याच्याकडे न बघता एक चौकोन दाबला.

"जरा हळू बोला. मी मुकी आहे, बहिरी नाही."

मुलगा गप्प झाला. मग त्याने भिंतीला पाठ टेकली आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

तिने त्याच्या हातातून पाटी घेतली, काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. केवढ्याला घेतलात?

मी सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, पण त्या डोळ्यांसमोर जीभ वळेना. तो आधी किती म्हणाला होता तेही सांगितलं, आणि बिल नाही, चार्जर नाही म्हणून मी किती पाडून घेतले तेही. सांगताना मला कळत होतं की मी कशाचा भाव पाडला होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तिने तो आकडा ऐकला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. तोंड उघडं, डोळे घट्ट मिटलेले, आणि आवाज नाही, नुसता वारा. मग तिचं बोट टॅबवर काही न लिहिलेल्या त्या चौकोनाकडे गेलं. खोलीभर तिचं हसू पसरलं, आधी दाबून धरलेलं आणि मग फुटलेलं. चेहरा आणि आवाज दोन्ही एकाच वेळी हसत होते. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. मुलगा रडता रडता हसला. मीही हसले, आणि डोळ्यांना पदर लावला.

पोलिसांकडे जायचं ते नंतर सगळे मिळून गेलो. मी हेल्मेटवाल्याचा नंबर, त्याचे मेसेज, पेट्रोल पंपाची जागा, सगळं दिलं, आणि बिलाशिवाय का घेतलात या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे खालमानेने ऐकूनही घेतलं. टॅब पुरावा म्हणून जमा करावा लागेल, असं आधी म्हणत होते. तिने त्यांच्यासमोर एकेक चौकोन दाबायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळाने त्यांनी फोटो काढून घेतले आणि तो तिच्याकडेच राहू दिला. पैसे माझे गेले ते गेले.

पण त्या सकाळी पेन ड्राइव्ह मुलाच्या हातात देऊन तिच्या घरून निघालो, तेव्हाचं सांगायचं राहिलं. नवरा वर असताना एक शब्दही बोलला नव्हता. आपण कोण, कुठली गाडी चालवतो, काहीच नाही. खाली येऊन त्याने किल्ली काढली. स्कूटर नेहमीप्रमाणे तिरकी, फाटकाच्या अर्ध्यात लावलेली होती. तेवढ्यात वरची खिडकी उघडली.

"चालकांनी गाडी नीट लावावी."

घोगरा, ठणठणीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. रस्त्यावरची दोन माणसं थबकली. नवऱ्याने वर बघितलं. खिडकीत ती टॅब धरून उभी होती, आणि यावेळी तिचा चेहरा दिसत होता. आम्ही निघालोच होतो, लावायचं असं काही उरलंच नव्हतं. तरीही त्याने स्कूटर स्टँडवरून काढली, फाटकापासून बाजूला घेतली, भिंतीला समांतर अगदी सरळ लावली, आणि स्कूटरशेजारी ताठ उभा राहिला.