बोगुमिलाबाई उलट्या लटकल्या

"रविवारपर्यंत एक जरी पोर या दांड्याला लटकलं ना, तर मी याला कापायचा विषय सोडतो!" सोसायटीचे अध्यक्ष झेनोनराव म्हणाले.

"आणि नाहीच लटकलं, तर चर्च सुटल्यावर सगळ्यांसमोर मी उलटी लटकते!" तिसऱ्या मजल्यावरच्या बोगुमिलाबाई म्हणाल्या. चौसष्टाव्या वर्षी, बरं का!

मित्रांनो, तो दांडा म्हणजे मीच. पोलंडातल्या वूच शहरात, इमारतींच्या मधल्या अंगणात दोन खांबांवर आडवा बसवलेला, गालिचे बडवायचा जुना लोखंडी दांडा. ईस्टर आला की बायका माझ्यावर गालिचे टाकून असे बडवायच्या, की धुळीत समोरची इमारत दिसायची नाही. बाकी वर्षभर मी पोरांचा. लटकायची, आपटायची, भोकाड पसरायची, पुन्हा चढायची. घट्ट कधी धरायचं, सोडायचं कधी, हे त्यांना शिकवायला कुणी मास्तर नव्हता. झेनोनरावसुद्धा माझ्यावरच शिकले. आता गाडी लावायला जागा हवी, म्हणून विसरले!

हल्लीची पोरं मला टेकून मोबाईल बघतात. हाक मारावी, तर मला तोंड कुठंय?

फक्त झेनोनरावांची नात कालिना येताजाता मला हात लावायची. सहा वर्षांची पोर. पियानोला जाते, इंग्रजीला जाते, पण जिना उतरताना आजोबांचं बोट सोडत नाही. शनिवारी तिनं मला दोन्ही हातांनी धरलं. एक पाय उचलला...

"कालिना! पडशील! शी, गंज लागला बघ हाताला!"

सोडलं तिनं. मला वीतभर खाली वाकता आलं असतं तर!

रविवारी चर्च सुटल्यावर बाई नवऱ्याची पँट चढवून आल्या. "हरले बाबा! या, बघा!" गुडघे अडकवले आणि धपकन उलट्या. चष्मा एकीकडे, चप्पल दुसरीकडे. अंगण खदखदून हसलं. पोरांनी मोबाईल खिशात घातले. कालिना पळत आली. "मला पण!"

"उतर खाली!" झेनोनराव ओरडले. "पैज संपली!"

ऐकतंय कोण? बाईंच्या शेजारी ती उलटी लटकली आणि तिनं दोन्ही हात सोडले.

पोर लटकलं, पण पैज संपल्यावर; कापणारा उद्या येणारच आहे. मला पळता येत नाही, मित्रांनो. तुम्ही तेवढं करा, पोरांना पडायला थोडी जागा ठेवा. आत्ता मात्र मला हलवू नका, अंगावर दोघी आहेत. आणि बाई हळूच विचारतायत, "अगं कालिना, आता वर कसं यायचं गं?"